शिवकन्येची डावी बाजू

माझ्या मुलीच्या डाव्या बाजूला परवा कोण असेल, हा प्रश्न संध्याकाळपासून माझा पिच्छा सोडत नाही. भांडी आवरली, दूध विरजलं, सकाळसाठी मटकी भिजत घातली. हात चालत होते आणि प्रश्न होता तिथेच होता. आता घर निजलं आहे आणि मी स्वयंपाकघरात पाट घेऊन लिहायला बसले आहे. बोलायला लागले की मी एका काळजीतून दुसरीत जाते, असं आमच्या घरात म्हणतात. लिहिताना तरी एकीलाच धरून राहता येईल.

मुलीचं नाव शिवकन्या. आम्ही शिवू म्हणतो. ती जिंतूरला खोली घेऊन राहते आणि धावत्या गाड्यांचे फोटो काढते. हे मी सेलूतल्या बायकांना इतक्यांदा सांगितलं आहे की त्यापुढचे प्रश्नही मला पाठ झालेत.

"म्हंजे लग्नाचे फोटू?"

"नाही, गाड्यांचे."

"इकायच्या गाड्या असतेत, त्यांचे?"

"नाही. रस्त्यावर पळणाऱ्या."

"पळत्या गाडीचा फोटू कसा येईल माय? हलल की त्यो."

हलेल की, हे मीही तिला म्हणाले होते. तेव्हा ती सुटीला घरी आली होती. तिने मला दारात उभं केलं, कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि वडिलांना स्कूटरवरून गल्लीत चकरा मारायला पाठवलं. तिचे वडील माणिकराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. अगदी संथ माणूस, कधी घाईत दिसत नाही.

"बाबा, जरा जोरात या ना!"

"पेट्रोल तू टाकणार का?" ते गल्लीच्या टोकावरून ओरडले.

"आई, पाय रोवून ठेव," शिवू माझ्या खांद्याला धरून सांगत होती. "फक्त कमरेतून वळ, जात्यावर बसल्यासारखं. बाबांना थांबवायचं नाही, बाबांसोबत जायचं. जाता जाता बटण दाब, आणि दाबल्यावरही थांबू नको."

माझ्या फोटोत समोरच्यांची अर्धी भिंत आली आणि स्कूटरचं मागचं चाक. मग तिने काढला. त्यात माणिकराव लख्ख होते. मिशा, शर्टाची कॉलर, हँडलला अडकवलेली पिशवी, सगळं जागच्या जागी. आणि त्यांच्या मागे आमची गल्ली, तुळशी, वाळत घातलेल्या साड्या, सगळं रंगांच्या पट्ट्या होऊन पळत होतं. आयुष्यभर सावकाश चाललेला माझा नवरा कुठल्यातरी फार महत्त्वाच्या कामाला निघाल्यासारखा दिसत होता.

"हा मी हाय?" त्यांनी विचारलं. मग कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत बसले.

तर असे फोटो ती काढते. गाडी स्थिर आणि जग पळतंय असे. त्यात मला काळजी करण्यासारखं काही नव्हतं. काळजी आहे ती तिच्या डाव्या कानाची.

शिवू पहिलीत असताना तिला गालगुंड झालं. ताप उतरला, गाल उतरला, पोरगी खेळायला लागली. डावा कान गेला आहे हे कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. एके दिवशी माझ्या बहिणीचा फोन आला, तो तिने डाव्या कानाला लावला आणि म्हणाली, "मावशी बोलंनाच झाली. फोन बिघडलाय." मी तो तिच्या हातून घेऊन उजव्या कानाला लावून दिला. "आता नीट झाला!" ती म्हणाली आणि मावशीशी गप्पा मारायला लागली. त्याच आठवड्यात मी तिला परभणीला नेलं.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस गेली आहे, मशीनचाही उपयोग नाही. एका कानावर माणसाचं सगळं नीट चालतं, आणि ते खरंही आहे. शाळा, कॉलेज, बी.एस्सी., कुठे काही अडलं नाही. फक्त एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. बाजारात हाक मारली की ती चारही दिशांना बघायची. म्हणून मी तिच्या डावीकडून चालायला लागले. रस्त्यात, जत्रेत, लग्नात, बसमध्ये. पुढे ती माझ्याहून उंच झाली, तरी आम्ही दोघी निघालो की माझे पाय आपसूक वळसा घालून तिच्या डावीकडे जातात.

माणिकरावांना असलं काही करावं लागलं नाही. जिनिंगच्या आवाजात जन्म गेल्यामुळे ते घरातही मशीन चालू असल्यासारखं बोलतात. पाहुणे दचकतात. लहानपणी शिवूला वाटायचं, घरात एकटे बाबाच नीट बोलतात, बाकीचे उगाच पुटपुटतात.

कॉलेज झाल्यावर ती इथल्याच एका फोटो स्टुडिओत लागली. मालक तिला लग्नांना नेऊ लागले. एका लग्नात मंगलाष्टकं संपली आणि बँड न् ताशा एकदम सुरू झाला. मालक डावीकडून ओरडले, "हार! हार घालायलेत!" शिवू उजवीकडे वळली. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीने नवऱ्याला हार घातल्याचा फोटोच नाही. मालक माणूस वाईट नव्हते. काय झालं म्हणून त्यांनी तिला शांतपणे विचारलं, आणि तिने खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिला काउंटरवर बसवलं, पासपोर्ट फोटो काढायला.

"हनुवटी खाली, केस मागं घ्या, कान दिसू द्या," ती घरी येऊन नक्कल करायची. "आई, दिवसभर लोकांचे कान बघायलेय मी."

आम्ही हसायचो. तीही हसायची. एक दिवस तिने ते काम सोडलं आणि म्हणाली, इथून पुढे कानाचं कुणाला सांगणार नाही.

गाड्यांचं कसं सुरू झालं, तेही सांगते. आमच्याकडे नवी गाडी आली की घरातली बाई तिला ओवाळते, बॉनेटला झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडून गाडी पुढे नेतात. मग सगळं घर गाडीपुढे ओळीत उभं राहतं आणि फोटो निघतो. नात्यातल्या एकाने राणीसावरगावला जीप घेतली तेव्हा असा फोटो काढायला शिवूला बोलावलं. ओळीतला फोटो झाला. शिवू म्हणाली, "आता पळवा. पळती काढते."

गाडीवाल्याची आई दगडाबाई आडवी आली. "देवाला गेल्याबिगर पळवायची न्हाई."

"किती वेळ लागंल, आजी?"

"तुला घाई हाय का देवाला?"

मग शिवू गावाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. जीप मारुतीला जाऊन परत येईतो ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या सीटवर दगडाबाई होती. जन्मात पहिल्यांदा पुढे बसलेली. मुलाने गाडी सोडली आणि शिवूने वळता वळता बटण दाबलं. तो फोटो मी माझ्या फोनवर ठेवला आहे. हार वाऱ्याने मागे ताणला गेलाय, काचेवर झेंडूच्या पाकळ्या उडायलात, मागचं तुरीचं रान हिरव्या-पिवळ्या रेघा झालंय. आणि खिडकीत दगडाबाई, पदर दातात धरायला गेलेली, पण दात नसल्यामुळे नुसतीच हसणारी.

तो फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला. मग कुणी पिकअप घेतली, कुणी कार घेतली की बोलावणी यायला लागली. उभ्या गाडीचा फोटो सगळ्यांकडे असतो, आमचा पळता काढा. तिने जिंतूरला खोली घेतली. काम नसेल त्या दिवशी ती सरावासाठी जिंतूरच्या अलीकडे, रस्ता टेकडीवरून वळत खाली येतो, तिथे जाऊन उभी राहायची.

तिथे एक नवीनच अडचण आली. तिला बघितलं की गाड्या ब्रेक मारायच्या. हल्ली रस्त्यांवर कॅमेरे बसवलेत, जोरात गेलं की दंडाचा मेसेज मोबाइलवर येतो. लांबलचक लेन्स लावून पोरगी उभी आहे म्हटल्यावर ही पोलिसांचीच, दुसरी कोण असणार? शंभरच्या वेगाने येणारी गाडी तिच्यासमोरून वरातीसारखी जायची. एकजण तर गाडी कडेला लावून खाली उतरला. पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले.

"मॅडम, साठच्या वर नव्हतो. आईशप्पथ."

"दादा, मी पोलीस नाही. मी फोटो काढते."

"तसंच म्हणतेत तुमी लोकं."

"खरंच नाही ओ. तुम्ही परत एकदा जोरात या ना."

"म्हंजे डबल लावता का?" तो म्हणाला. गाडीत जाऊन बसला, आधी पट्टा लावला, मग काच खाली करून ओरडला, "हे बी घ्या फोटूत!"

हे सगळं बघत वळणावर कस्तुराबाई बसलेली असायची. ती तिथे सीताफळं विकते, त्यांचा हंगाम सरला की बोरं, पुढे पेरू. शिवू सांगते, त्या दिवशी कस्तुराबाई हसून हसून टोपलीवर कलंडली.

"आगं, तू उभी राह्यली की समदे गरीब गाय होयलेत. हिकडं बस माझ्या टोपलीमागं. ओढणी घे डोक्यावरून. बाईमाणूस फळं इकायलंय म्हणल्यावर कोण ब्रेक मारतंय?"

आणि खरंच, गाड्या सुसाट जायला लागल्या. सीताफळाच्या पाल्याआड कॅमेरा, ओढणीआड शिवू. ज्यांना फळं घ्यायची ते मात्र थांबायचे, आणि कस्तुराबाई पाणी प्यायला गेलेली असली तर ती शिवूला विकावी लागायची. अशाच एका वेळी आमच्या ओळखीच्या बाईंनी बसमधून तिला पाहिलं. सेलूत उतरल्या त्या थेट माझ्या दारात आल्या.

"शिवकन्या सीताफळं इकायली का हो? पदवी झाली होती ना तिची?"

दुसऱ्या दिवशी मी जिंतूरची एस.टी. धरली. कुणाला काही न सांगता वळणाच्या थांब्यावर उतरले. झाडाआडून बघते तर दोघी शेजारी बसलेल्या. शिवूच्या उजव्या हाताला चढ, जिकडून गाड्या तिच्या बाजूने खाली येतात. डाव्या हाताला, अगदी मांडीला मांडी लावून, कस्तुराबाई. एक कार थांबली होती आणि आतली बाई शिवूशी भाव करत होती.

"पिकलेले आहेत ना?"

"हो, एकदम," शिवूने एक फळ उचलून दिलं.

"आण हिकडं," कस्तुराबाईने ते मधेच हिसकावलं. "डोळे न्हाई उघडले त्याचे अजून. हे घ्या बाई, हे. ही पोरगी नवी हाय, लय अडाणी."

कार गेली आणि मी पुढे झाले. शिवू दचकून उभी राहिली. "आई? तू कशी?"

"सीताफळं घ्यायला आले," मी म्हणाले.

कस्तुराबाईने मला खालीवर पाहिलं. "ही तुमची व्हय? बसा ताई. लेक गुणाची हाय, पण दुकानाला उपेगाची न्हाई."

मी गोणपाटावर बसले आणि तासभर बघत राहिले. माझ्या मुलीला काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते. गाडी टेकडीवर दिसली की तिचा चेहरा बदलायचा. श्वास सोडायची, गाडी जवळ येईल तशी कमरेतून सावकाश वळायला लागायची, मग जोरात, गाडीच्या वेगाने, आणि गाडी निघून गेल्यावरही क्षणभर तशीच वळत राहायची. लहानपणी देवळात डोळे मिटून उभी असायची, तेव्हा तिचा चेहरा असा दिसायचा.

आणि मला दुसरी एक गोष्ट दिसली. शिवू उजवीकडे, चढाकडे बघत असायची तेव्हा कस्तुराबाई डावीकडे बघत असायची. डावीकडून काही आलं, ट्रक, ट्रॅक्टर, उलट्या बाजूने कडेकडेने येणारी मोटारसायकल, की ती आपल्या पायाचा अंगठा शिवूच्या घोट्यावर दाबायची. शिवू न बघता पाय आत घ्यायची. मोटारसायकल गेली की अंगठा उचलला जायचा. दोघींपैकी कुणी बोलत नव्हतं.

शिवू बाटली भरायला हातपंपावर गेली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तिला पाय कामून लावता?"

"त्या कानानं ऐकू येत न्हाई ना तिला," कस्तुराबाई म्हणाली. "पयल्याच दिवशी सांगितलं की तिनं मला. मावशे, डावीकडं तू बघ, उजवीकडचं मी बघते. म्हणलं बरं."

जे स्टुडिओनंतर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, ते या बाईला पहिल्याच दिवशी. मी सीताफळं घेतली, नको इतकी घेतली, आणि निघताना कस्तुराबाईचा फोन नंबर घेतला. संध्याकाळच्या एस.टी.त माझ्या मांडीवर पिशवी होती आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला शिवूची काळजी वाटत नव्हती.

ते सुख टिकलं नाही. मागच्या महिन्यात कस्तुराबाई मुलीच्या बाळंतपणाला गेली. शिवू एकटीच वळणावर बसली. एक दूधवाला उलट्या बाजूने कडेने आला. तो हॉर्न वाजवत होता, तो तिला ऐकूही आला, पण तिला वाटलं चढावरच्या गाडीचा आहे. ती चढाकडेच बघत राहिली. दुधाच्या कॅनचा धक्का तिच्या बॅगेला लागला, बॅग नाल्यात गेली आणि ती झुडपात. कोपर सोलून निघालं. मला म्हणाली, "घसरले गं." खरं काय ते पुढे कस्तुराबाईने फोन करून सांगितलं.

"ताई, पोरगी माझ्यावर चिडंल. पण मी नव्हते त्याच दिवशी झालं, मला जेवण जाईना झालंय."

आणि आता ही शर्यत. परभणीचा योगीराज नावाचा माणूस मोठ्या गाड्यांच्या शर्यतींना फोटोग्राफर घेऊन जातो. दगडाबाईचा फोटो फिरत फिरत त्याच्याकडे पोहोचला आणि त्याने शिवूला शोधून काढलं. परवा नाशिकच्या पलीकडे डोंगरात, दगडामातीच्या रस्त्यावर शर्यत आहे. एकामागून एक गाड्या सोडतात, प्रत्येक वळणावर एक फोटोग्राफर. हे कळलं त्या दिवशी शिवूने फोन केला तेव्हा तिला शब्द सापडत नव्हते.

"आई, तिथं कुणी ब्रेकच मारत नाही गं!"

मी अभिनंदन केलं. आवाज नीट ठेवला.

आज संध्याकाळी योगीराजचा फोन मला आला. शिवूने घरचा नंबर म्हणून माझा दिला होता.

"काकू, नमस्कार. घाबरू नका, सगळ्यांच्याच घरी फोन करायलोय. पोरं पहिल्यांदा यायलीत, जिम्मा माझा आहे म्हणून."

"बोला."

"गाडी कधी रस्ता सोडते. तर आपला माणूस वळणावर थांबलेला असतो, तो शिट्टी मारतो. शिट्टी वाजली की जिकडून वाजली त्याच्या उलट बाजूला सरायचं, फोटो गेला खड्ड्यात. एवढा एकच नियम. म्हणून विचारतो, शिवकन्येला काही त्रास? फिट, चक्कर, डोळे, कान?"

माझ्या हातात पीठ होतं. ते परातीत झटकत मी म्हणाले, "तिला विचारून सांगते."

तो हसला. "तिचं तुम्हालाच माहीत नाही का काकू? बरं, सकाळी सांगा. नऊला मी वळणं वाटायला बसणार. पोरगी लय हुशार आहे हो तुमची."

फोन ठेवला आणि शिवूला लावला.

"सांगितलंस?" तिने आधी तेच विचारलं.

"नाही."

"सांगू नको."

"शिवू, तिथं शिट्टी वाजवतात म्हणे."

"शिट्टी मला ऐकू येते, आई."

"कुठून वाजली ते?"

मागे तिच्या खोलीतला पंखा करकरत होता. मग ती म्हणाली, "एक हार चुकला तर मला लोकांचे कान बघत बसवलं. ह्याला कळलं तर हा मला गाडीतच घेणार नाही. मला एकदा तरी अशा गाड्या बघू दे."

"मग त्याला काय सांगू?"

"ठणठणीत आहे म्हण. तुला माझी शपथ आहे."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. जेवलीस का म्हणून विचारलं. हो म्हणाली. खोटं असणार.

जेवताना माणिकरावांना सगळं सांगितलं.

"जाऊ दे की तिला!" ते म्हणाले. शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल.

"हळू बोला. आणि तिच्या डावीकडं कोण बघंल?"

"किती दिवस तू तिच्या डावीकडून चालणार?"

"चालंन की."

"नाशिकपर्यंत?"

मी त्यांच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. त्यांनी भाकरी कालवून खाल्ली, हात धुतला. मग त्यांना जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "खोटं सांगू नको त्याला. पण खरं बी तू सांगू नको. कान तिचा हाय." आणि जाऊन निजले. आता घोरायलेत.

योगीराजचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यांत वर आहे. त्याला सकाळी एक वाक्य सांगितलं की काम झालं. तो भला माणूस वाटला. तो काहीतरी बरं बोलेल, पुढच्या वेळी बघू म्हणेल. परवा शिवू तिच्या खोलीत असेल, धडधाकट. मला रात्री झोप लागेल. हे वाक्य मी भांडी घासताना मनात बोलूनही पाहिलं. चांगलं जमलं होतं. पण त्यानंतर शिवू मला कधी काही सांगेल का? कोपर सोलल्याचंही तिने मला सांगितलं नव्हतं. ते मला कस्तुराबाईकडून कळलं. आणि खोटं सांगितलं तर डोंगरात शिट्टी वाजेल आणि माझी पोर चारही दिशांना बघेल. त्या चित्रापुढे माझं मन जातच नाही.

मी पुन्हा पुन्हा त्या वळणावर जाऊन बसते आहे. तिथे तिला कुणी विचारलं नव्हतं, फिट आहे का, कान आहे का. तिला फोटो हवा होता आणि एकटीने तो निघणार नव्हता, म्हणून तिने शेजारच्या बाईला सांगितलं, डावीकडं तू बघ. लाज वाटल्यासारखं नाही, कामाची वाटणी करावी तसं. कस्तुराबाई बरं म्हणाली. स्टुडिओच्या मालकांना तिने नुसताच कान सांगितला होता. माणूस मागितला नव्हता. मागायचा असतो हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. आम्ही घरात कान लपवायला शिकलो, नाहीतर मी आपली न विचारता डावीकडे जाऊन उभी राहिले.

मग परवासाठीही तिने तसंच मागावं. योगीराजला तिने स्वतः फोन करावा आणि म्हणावं, मला या कानाने ऐकू येत नाही, शिट्टी कुठून वाजली ते कळत नाही, माझ्या डाव्या बाजूला एक माणूस द्या, तो मला हात लावील. दुसरा फोटोग्राफर द्या, नाहीतर शिट्टीवाल्यालाच माझ्याशेजारी उभा करा. तो नाही म्हणू शकतो. म्हणाला तर ती रडेल आणि मी काही करू शकणार नाही. पण नाही म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर तिने त्या रस्त्यावर उभंही राहू नये.

आणि हेही तिला सांगावं लागेल की तिची शपथ मी घेतलेली नाही. नऊच्या आधी तिने सांगितलं नाही आणि योगीराजने मला पुन्हा विचारलं, तर मी ठणठणीत म्हणणार नाही. ती चिडेल. "तू नेहमी असंच करतीस," म्हणेल. कदाचित काही दिवस बोलणार नाही. ते मला सोसेल.

सकाळपर्यंत थांबले तर माझा धीर जाईल, स्वतःला ओळखते मी. ती जागीच असणार, उद्याची बॅग भरत, लेन्सा पुसत. आधी विचारीन, खरंच जेवलीस का. मग बाकीचं. फोन हातात घेतला आहे. योगीराजला नाही, शिवूला लावते.